मान्यवरांना खुर्ची देऊ नका!

गेल्या वर्षी नोटीस बोर्डवर एक कागद लागला होता, आठवतोय? 'मासिकाच्या मराठी विभागासाठी परिसरातील मान्यवरांच्या मुलाखती घेणारे विद्यार्थी हवेत. विषय : आपला परिसर व सांस्कृतिक वारसा.' त्याखाली पहिलं नाव माझं होतं. साहित्याची आवड वगैरे काही नाही हं, मुलाखतीच्या नावावर रविवारचा आऊटपास मिळतो म्हणून! (रेक्टर मॅडम, सॉरी.)

त्यात मी कॉन्व्हेंटवाली. नर्सरी ते दहावी सगळं ठाण्यात, सगळं इंग्रजीत. घरी मराठीच, पण ती बोलायची. लिहायची वेळ आली की हात अडतो. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझी अजून गडबड होते. हा लेखसुद्धा रूममेटने ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिलाय, तेव्हा चुका राहिल्या असतील तर तिच्या. मत मात्र माझं आहे आणि ते स्पष्टच सांगते. आपण मासिकात ज्या मुलाखती छापतो, त्या वाचून सावर्ड्याबद्दल काहीही कळत नाही. यात मी घेतलेल्या मुलाखतीही आल्या.

आम्ही दोघी चौघांकडे गेलो. एक डॉक्टर, एक जुने व्यापारी, एक चित्रकार आणि एक निवृत्त गुरुजी. समितीने दहा प्रश्न टाइप करून दिले होते. आपल्या परिसराचा सांस्कृतिक वारसा कोणता? तो जपण्यासाठी तरुणांनी काय करावं? विद्यार्थ्यांना काय संदेश द्याल? चौघांनीही खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला, आणि भाषण सुरू. परशुरामाची भूमी. गोवळकोटचा गोविंदगड. डेरवणची शिवसृष्टी. गोविंदराव निकमांनी उभी केलेली सह्याद्री शिक्षण संस्था. शिमगा, गणपती, आंबा, काजू, साधाभोळा कोकणी माणूस. मोबाईलमुळे वाचन कमी झालंय. सगळं खरं, एकही गोष्ट खोटी नाही. पण चारही मुलाखती टाइप करून झाल्यावर लक्षात आलं, की नावं इकडची तिकडे केली असती तर आईशप्पथ कोणाला पत्ता लागला नसता. परशुरामाच्या जागी गणपतीपुळे घातलं असतं तर हीच मुलाखत रत्नागिरीच्या कॉलेजलाही चालली असती!

आधीच आपल्या गावाची ओळख निसटती. नेटवर 'सावर्डे' टाकलं की गोव्यातलं सावर्डे पुढे येतं. रेल्वेच्या टाइमटेबलात आपण 'सावर्डा'. माझ्या ठाण्याच्या मैत्रिणी तर 'चिपळूणजवळ कुठेतरी' एवढ्यावरच भागवतात, आणि पहिली दोन वर्षं मीही तेच सांगायचे. आपण इथे चार वर्षं राहतो. मेस, कॉलेज, झेरॉक्स, स्टेशन. एवढ्या चार बिंदूंत आपलं सावर्डे संपतं.

आता त्या गुरुजींची गोष्ट. त्यांची मुलाखत संपली, मी मोबाईलचं रेकॉर्डिंग बंद केलं, थँक्यू म्हटलं. त्यांना बाजारातून बीपीच्या गोळ्या आणायच्या होत्या. "चल बाय, येतो तुझ्याबरोबर बाजारापर्यंत," म्हणत त्यांनी चप्पल घातली, काठी घेतली. वाट वीस मिनिटांची. आम्हाला दोन तास लागले.

खुर्चीतला माणूस आणि हा माणूस एकच आहे यावर विश्वास बसेना. दर पन्नास पावलांवर थांबणं. एका वळणावर नुसता बुंधा उरलाय, तिथे आंब्याचं झाड होतं म्हणे. सकाळी शाळेची पोरं तिथे जमायची आणि घोळका झाल्यावरच पुढे निघायची. मला वाटलं भुताची गोष्ट येणार. तर म्हणाले, "भूत कसलं! पुढच्या घरची कुत्री चावायची."

हायवेला ते अजून 'सतरा नंबर' म्हणतात. आपल्यासाठी तो सहासष्ट. नंबर बदलला तो कागदावर. चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेली, बाजार मागे सरकला. गुरुजी आताच्या रस्त्याच्या मधोमध काठी रोखून सांगत होते, "तो डिव्हायडर दिसतो ना, तिथे न्हाव्याचं दुकान. गावात पेपर यायचा तो तिथे. पेपर एक, ऐकणारे तीस. मी मोठ्यानं वाचायचो." कसल्या बातम्या, म्हटलं. तर गिरणी संपाच्या. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. त्यातले कितीतरी आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे. एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. पुस्तकात नसलेलं गुरुजींनी सांगितलं. दर आठवड्याला लोकांना वाटायचं, आता मिटेल. पोस्टमन यायचा आणि ज्या दारी मनीऑर्डर द्यायची सवय होती त्या दारावरून सायकल न थांबवता निघून जायचा. "बायका मुद्दाम आत जायच्या. त्यालाच लाज वाटायची, ती दिसू नये म्हणून."

मग आम्ही काताच्या भट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी थांबलो. विड्यात घालतात तो कात आपल्या सावर्ड्यात बनतो, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला दोन वर्षं माहीत नव्हतं. खैराच्या गाभ्याच्या बारीक चिपा काढायच्या, पाण्यात उकळायच्या, तो अर्क गाळून आटवायचा आणि थंड करून घट्ट होऊ द्यायचा. (केमिकलवाल्यांनो, हे तुमचंच एक्स्ट्रॅक्शन आणि क्रिस्टलायझेशन, फक्त जर्नल न लिहिता.) पूर्वी हे काम रानात कातकरी करायचे. जमातीचं नावच त्यावरून पडलं. मग भट्ट्या आल्या, कारखाने आले, खैराच्या तोडीवर बंधनं आली, आणि ज्यांच्या नावात कात आहे ते कातकरी धंद्याच्या कडेला गेले. गुरुजी जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "वारसा वारसा म्हणतेस, हा वारसा नव्हे काय? पण कातकऱ्याला मान्यवर कोण म्हणणार?" हे वाक्य त्यांनी मुलाखतीत उच्चारलं नव्हतं.

शिमग्याचंही तसंच. मुलाखतीत 'शिमगा हा कोकणी माणसाचा जिव्हाळ्याचा सण आहे.' रस्त्यावर उतरल्यावर मात्र शर्टाची बाही वर सरकवून मनगटावरचा चट्टा दाखवला. आपल्या सावर्ड्यात शिमग्याला होल्टे होम होतो, पेटती लाकडं एकमेकांच्या दिशेने भिरकावतात, पेपरात फोटो येतात ते तुम्ही पाहिले असतील. गुरुजींनी लहानपणी आपण कुठे उभे राहायचो ती जागा दाखवली, धोतराला कशी ठिणगी लागली ते सांगितलं. आणि वर्षभर ज्याच्याशी अबोला होता त्यानेच ते विझवलं, हेही. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, अबोला पुढेही चालूच राहिला म्हणे!

शेवटी एका बोळाशी ते थांबले. तिथे आता काही नाही, कोणाच्या तरी गाडीचं पार्किंग. "विहीर होती. बुजवली. कोण कठड्यावर चढायचं आणि कोण खाली हंडा घेऊन वाट बघत उभं राहायचं, ते मी रोज शाळेत जाताना बघायचो. मास्तर झाल्यावर वर्गात समता शिकवली. पण तेव्हा काही बोललो नाही." एवढं म्हणून ते मेडिकलमध्ये शिरले. मी बाहेर उभी. माझा मोबाईल बॅगेत, बंद.

त्या रात्री हॉस्टेलवर पोचायला उशीर झाला म्हणून दंड भरला. मग रेकॉर्डिंग ऐकून मुलाखत लिहिली. म्हणजे खुर्चीतली. परशुराम, गोविंदगड, संदेश. ती छापून आली, सरांनी कौतुकही केलं. रस्त्यावरचे दोन तास मी लिहिले नाहीत, कारण ते 'मुलाखतीत' नव्हते. इतकी मी ढ!

दिवाळीनंतर पुन्हा गेले, या वेळी मोबाईल शंभर टक्के चार्ज करून. घराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, पडले, गुडघा गेला, मुलाकडे डोंबिवलीला नेलंय. फोन नंबर मिळाला. केला. गुरुजींनी ओळखलं, आनंद झाला त्यांना. मी विचारलं, ती विहीर, ते न्हाव्याचं दुकान, जरा पुन्हा सांगता का? पलीकडे घसा साफ केल्याचा आवाज आला आणि भाषण सुरू झालं, "आपला परिसर म्हणजे परशुरामाची भूमी..." मी मध्येच विहिरीवर आणलं तर म्हणाले, "कुठली गो विहीर? समोर असतं तर सांगितलं असतं बाय. इथे चौथ्या मजल्यावर काय आठवणार?"

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. माणसाला आपल्या गावाबद्दल विचाराल तर तो भाषण देतो, त्याच्याबरोबर गावातून चालाल तर तो गाव दाखवतो. आठवण डोक्यात असते असं आपण समजतो. मला वाटतं ती अर्धी डोक्यात आणि अर्धी त्या बुंध्यात, त्या कठड्यात असते. आम्ही सिव्हिलवाले सर्व्हे कॅम्पला हेच करतो की. एखादा पॉइंट पुन्हा सापडावा म्हणून त्याचं अंतर घराच्या कोपऱ्यापासून, मोठ्या झाडापासून, मोरीच्या कठड्यापासून मोजून ठेवायचं. त्या तीन खुणा गेल्या की फील्डबुक हातात असूनही पॉइंट सापडत नाही. रस्ता रुंद व्हायलाच हवा होता, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मी सिव्हिलची आहे, उद्या अशाच रस्त्यावर साइट इंजिनियर म्हणून उभी असेन. पण रस्त्यासाठी जमीन घेताना झाडं मोजली जातात, बांधकामं मोजली जातात, भरपाईचे कागद होतात. त्या झाडाला टेकून कोणाच्या काय आठवणी होत्या, त्याचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही. तो आपल्या मासिकात तरी असावा.

काही जण म्हणतील, एवढं काय, मान्यवर बोलतात तो वारसा नाही का? आहे. पण खुर्चीत बसलेला माणूस सगळ्यांना चालेल असंच बोलतो, आणि वारसा म्हणजे सगळ्यांना चालेल असंच काही असतं असं नाही. आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. जानेवारी २०१३ मध्ये चिपळूणला शहाऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, नागनाथ कोत्तापल्ले अध्यक्ष होते. निमंत्रणपत्रिकेवर परशुरामाचं चित्र असावं की नसावं, यावरून वाद झाला. हमीद दलवाईंच्या मिरजोळीच्या घरापासून ग्रंथदिंडी काढायच्या बेतालाही विरोध झाला. मिरजोळी चिपळूणला अगदी लागून. त्या गावात जन्मलेल्या माणसाने १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. १९६५ साली आलेली त्यांची 'इंधन' ही कादंबरी कोकणातल्याच गावाची आहे. आमच्या चारही मान्यवरांच्या तोंडी दलवाईंचं नाव आलं नाही. त्यांना ते माहीत नव्हतं असं थोडंच आहे? आमच्या दहा प्रश्नांत त्या नावाला जागाच नव्हती. 'संदेश काय द्याल' याचं उत्तर देताना कोण कशाला भांडण ओढवून घेईल?

वाड्यांच्या नावांचंही तेच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने ठरवलं, की वाड्यावस्त्यांची जातीवरून पडलेली नावं बदलायची. फार बरं झालं. पत्ता सांगताना कोणाला जात सांगावी लागू नये. पण पाटी बदलली की आधी असं का होतं, कोण कुठे राहायचं आणि का तिथेच राहायचं, हेही पुसलं गेलं तर आपली चांगली सोय होईल, नाही? मग पुढच्या बॅचला वाटेल, इथे सगळं पहिल्यापासून असंच गोडीगुलाबीने चाललं होतं. नाव जाऊ दे. त्यामागची हकीकत कोणीतरी लिहून ठेवली पाहिजे, आणि ती हंडा घेऊन खाली उभ्या राहिलेल्या बाईकडूनही घेतली पाहिजे. एकट्या गुरुजींकडून घेऊन चालणार नाही.

हे होऊ शकतं, लोकांनी केलेलं आहे. मुंबईच्या गिरणगावावर मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांशी, कार्यकर्त्यांशी, तिथे राहणाऱ्यांशी बोलून मोठं पुस्तक केलं, 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस', २००४ साली आलं. आपल्या जिल्ह्यातून गेलेल्या माणसांची हकीकत त्या पुस्तकात मिळते. ती माणसं जिथून गेली त्या गावात, त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर, आपण मात्र कँटीनमध्ये मॅगी खात बसलोय!

आमच्या एका सरांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी दोन शंका काढल्या. एक, म्हातारी माणसं चुकीचं सांगतात, वाढवून सांगतात. मान्य. पण लेव्हलिंग करताना आपण एकाच रीडिंगवर विश्वास ठेवतो का? फिरून सुरुवातीच्या पॉइंटला परत येतो आणि क्लोजिंग एरर काढतो. इथेही तेच करायचं. त्याच वाटेवरून दोन वेगवेगळ्या माणसांबरोबर वेगवेगळ्या दिवशी चालायचं. एकाने विहीर डावीकडे सांगितली आणि दुसऱ्याने उजवीकडे, तर दोन्ही लिहायचं. माझा अंदाज आहे, विहिरीच्या जागेपेक्षा विहिरीवरच्या भांडणात एरर जास्त निघेल, आणि खरी गंमत तिथेच आहे. दुसरी शंका, सबमिशन्स कधी करणार? याला उत्तर नाही. सबमिशन्स आपण तशीही आदल्या रात्रीच करतो.

लिहिलेलं ठेवायचं कुठे, हाही प्रश्न आहे. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २६ जुलै २००५ च्या पुराने ते भिजलं, सावरलं, आणि २२ जुलै २०२१ च्या पुराने पुन्हा बुडालं. हजारो पुस्तकांचा लगदा झाला. दीडशेहून जास्त वर्षांचं जपणं, आणि एका दिवसाचं पाणी. तिथल्या लोकांनी पुन्हा उभं केलं, त्यांना सलाम. पण यातून आपण एवढं तरी घ्यावं, की एक वही आणि एक पेन ड्राइव्ह एवढ्यावर विसंबायचं नाही. एक प्रत कॉलेजच्या लायब्ररीत, एक वाचन मंदिराला, एक ज्याच्याबरोबर चाललो त्याच्या घरी. शेवटची सगळ्यात महत्त्वाची, कारण ती वाचून घरातलं कोणीतरी म्हणेल, "हे चुकीचं आहे, मी सांगते." की लागलं काम!

तर मासिक समितीला माझी विनंती अशी, की या वर्षी दहा प्रश्नांचा कागद काढूच नका. मान्यवरांनाही बोलवा, त्यांनी काही पाप केलेलं नाही. डॉक्टरांना म्हणावं, तुम्ही पहिल्यांदा दवाखाना उघडलात ती खोली दाखवा. चित्रकार सरांना म्हणावं, तुम्ही विद्यार्थ्यांना स्केचिंगला न्यायचा ती जागा दाखवा, ती तशी आहे का बघू. व्यापारी काकांना बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा, प्रत्येक शटरपुढे आधी काय होतं ते सांगत. सह्याद्रीच्या आर्ट कॉलेजची मुलं जवळच आहेत. न्हाव्याचं ते दुकान गुरुजी सांगतील तसं काढून देतील, आपल्या ड्रॉइंगपेक्षा नक्की बरं. आणि गुरुजींसाठी माझ्याकडे एक बेत आहे. गुडघा बरा झाला की मुलगा त्यांना शिमग्याला गावी आणणार आहे. व्हीलचेअर लागली तरी ढकलायला आम्ही चौघी आहोत. ती एकच खुर्ची मला चालेल.

तोवर दुसरी सुरुवात केली आहे. आपल्या मेसमध्ये भाकऱ्या करणाऱ्या मावशींना मी विचारलं, तुमच्या माहेरची वाट दाखवाल का. आधी हसल्या. "माझी मुलाखत? मी काय सांगनार? आमाला काय येतं?" मग स्वतःच म्हणाल्या, त्या वाटेवर कापशी नदीला आधी साकव होता, पावसात तो गेला की चार-चार दिवस माहेर बंद. साकव कसा बांधायचे ते मला येतं, म्हणाल्या. कुठली लाकडं, कुठले वेल, कोणाच्या घरचा माणूस मधोमध उभा राहायचा.

आम्ही थर्ड इयर सिव्हिल. स्ट्रक्चर्सचा पेपर मला एकदा राहिलाय. येत्या रविवारी सकाळी सात वाजता निघायचं ठरलंय, मावशींनी चप्पल शिवून आणली आहे. आऊटपासवर कारण काय लिहायचं, तेवढं रेक्टर मॅडमनी सांगावं.